मऊ दगडाने खाल्लेलं पोलाद

४ मार्च, मंगळवार

आली! आमच्या प्रयोगशाळेची नवी प्रमुख आज रुजू झाली. मोठे साहेब तिला टेबलाटेबलावर फिरवत माझ्यापर्यंत घेऊन आले. म्हणाले, "हे आपल्याकडचे सगळ्यात जुने धातुतज्ज्ञ. यांच्याकडून पुष्कळ शिकण्यासारखं आहे." तिने हात जोडले. "नमस्कार सर." मी उठून उभा राहिलो. "नमस्कार मॅडम."

सगळे हसू दाबत होते. दाबणारच! मॅडम म्हणजे आमची खारू — माझी पोटची पोर, जिचा शेंबूड मी याच हातांनी पुसला — हे कारखान्यात कोणाला ठाऊक नाही? कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण आजवर मी दुसऱ्यांच्या बाबतीत वापरत होतो.

घरी आल्यावर चपला दोन दिशांना भिरकावून सोफ्यावर आडवी झाली. "बाबा, चहा टाक ना रे."

टाकला. ऑफिसात 'तुम्ही', घरी 'रे'. बरं आहे!

५ मार्च, बुधवार

आमच्या हिने फर्मान काढलं आहे : जेवणाच्या टेबलावर पोलाद आणायचं नाही. "आयुष्यभर हॉस्पिटलचं भांडार सांभाळलं मी. इथे बसून कधी इंजेक्शनांच्या गोष्टी केल्या का?" केल्या होत्या. पुष्कळदा. पण मूग गिळून बसलो. खारूसुद्धा बसली. बापलेक एका बाबतीत तरी सारखे.

१० मार्च, सोमवार

खडीवाल्या बाई आल्या. मागे दोन माणसं, त्यांच्या हातांत आमचीच एक जॉ प्लेट. ती त्यांनी साहेबांच्या टेबलावर अशी आदळली की पेनस्टँड उडालं.

"हे घ्या तुमचं पोलाद! लोण्याचं करता की काय?"

प्लेटचे दात पार झिजलेले. बाईंच्या क्रशरमध्ये अशा दोन जाड प्लेटा समोरासमोर असतात, जबड्यासारख्या. मधे दगड सापडला की त्याची खडी होते. भरपूर मँगेनीज घातलेलं हे पोलाद, याच्यासाठीच लोक आमच्याकडे येतात. बाईंच्या जुन्या खाणीत काळा कातळ आहे. तिथे आमच्या प्लेटा वर्षानुवर्षं चालल्या. यंदा त्यांनी नवी खाण घेतली. तिथला दगड मऊ, भुसभुशीत. आणि तिथे आमची प्लेट बघता बघता संपली!

"काळा कातळ फोडून जे टिकतं, ते या मऊ दगडापुढे नांगी टाकतं? मला भरपाई नको. कारण सांगा," बाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, पोलादच बदलू, क्रोमवालं देऊ, ते आधीपासूनच कठीण असतं. मीही मान डोलावली. कोणीही डोलावली असती. मॅडम म्हणाल्या, "नको." सगळ्यांसमोर! "सर, क्रोमवालं कठीण असतं, पण ठिसूळही असतं. दगडांतून पोकलेनचा एखादा तुटका दात आत गेला तर प्लेटचे दोन तुकडे होतील."

"गेला होता की मागल्या वर्षी!" बाई लगेच म्हणाल्या. "तुमच्या या प्लेटेला पोचा आला फक्त." आणि मॅडमकडे वळून, "तुम्ही बोला हो. तुम्हाला कळतंय."

म्हणजे मला कळत नाही!

संध्याकाळी स्कूटरवर चकार शब्द बोललो नाही. मागून आवाज — "बाबा, रुसलास?"

"कोण विचारतंय? मॅडम की खारू?"

"स्कूटरवर मागे बसलीय ती."

"मग नाही रुसलो."

रुसलो होतो.

१२ मार्च, बुधवार

आज दोन्ही प्लेटा कापल्या — एक काळ्या कातळावरून परत आलेली, एक मऊ दगडावरून. पृष्ठभागापासून आतपर्यंत ठिकठिकाणी कठीणपणा मोजला. काळ्या कातळावरची : वरून अशी टणक की नवी करवतसुद्धा किंचाळली, आणि आत खोलवर नव्यासारखी मऊ. मऊ दगडावरची : वरून मऊ, मधे मऊ, खाली मऊ. कारखान्यातून निघाली तशीच!

मॅडम आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मग दोघं एकदमच बोललो. ती म्हणाली, "हिला कोणी मारलंच नाही!" मी म्हणालो, "मार बसलाच नाही!"

हे पोलाद मुळात मऊच असतं. घाव बसले की कठीण होतं, आणि जिथे बसले तिथेच होतं. काळा कातळ ठोसे मारतो. भुसभुशीत दगड नुसता घासत जातो. घासून घासून वरचा थर निघून जातो, तो कठीण व्हायच्या आधीच. ठोसा नाही, म्हणून ताकद नाही! इतकी वर्षं मी नव्या लोकांना 'घाव घातला की हे कठीण होतं' असं घोकवत आलो. घावच नसेल तर काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

रुसवा गेला. इतकं सुंदर उत्तर असेल तर कोण रुसून बसेल?

१४ मार्च, शुक्रवार

आज मात्र जुंपली.

का कठीण होतं? मी म्हटलं, सोपं आहे. घावाने आतले कण पालटतात, मार्टेन्साइट होतं — सुरीच्या पात्यात असतं तेच. मी हेच शिकलो, हेच शिकवलं.

मॅडमनी विचारलं, "सर, मार्टेन्साइटला चुंबक चिकटतो ना?"

"चिकटणारच!"

"मग लावा."

सूचनाफलकावरचा चुंबक काढला. कापलेल्या तुकड्याच्या टणक भागावर लावला. घसरून खाली पडला. परत लावला, परत पडला. मागे कोणीतरी खोकलं. मी म्हटलं, चुंबक खराब आहे. मॅडमनी तो कपाटाच्या दाराला लावला. टच्‌कन चिकटला, नालायक.

मग तिने मायक्रोस्कोपखाली तुकडा ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. बघितलं. आतल्या कणांत बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेषाच रेषा! कंगव्याने भांग पाडावा तशा. काही कणांत एका दिशेच्या रेषा दुसऱ्या दिशेच्या रेषांना छेदून गेलेल्या. मऊ प्लेटच्या तुकड्यात जवळजवळ काहीच नाही, स्वच्छ पाटी. ती म्हणाली, हे जुळे. अणूंच्या थरांची रचना एका पट्टीपुरती उलटी होते, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. वेगळा पदार्थ तयार होत नाही, तोच राहतो, फक्त तोंड फिरवून बसतो. म्हणून चुंबकाला काही पत्ताच लागत नाही!

तोंडात मारल्यासारखं झालं. पण खोटं कशाला लिहू? त्या रेषांवरून नजर हटेना. मागे रांग लागली तेव्हा उठलो.

१५ मार्च, शनिवार

फर्मान मोडलं — आणि मोडलं कोणी? जिने काढलं तिनेच! जेवताना आमचं गप्प बसणं हिला सहन झालं नाही. "काय ते एकदा सांगून टाका बाई. घास उतरत नाहीये तुमच्या घशाखाली."

खारूने वाटी-चमच्यांनी सांगायला सुरुवात केली. धातू वाकतो म्हणजे आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. पण सगळा थर एकदम सरकत नाही. थरात एक चूक असते, एक सुरकुती म्हण, ती पळत पळत पुढे जाते आणि मागे सगळं एक पाऊल सरकलेलं असतं. जितक्या सुरकुत्या मोकळ्या पळतात तितका धातू मऊ. घाव बसला की हे जुळे उभे राहतात, आणि त्यांच्या कडांवर सुरकुत्या अडतात.

ही म्हणाली, "म्हणजे आमच्या भांडारासारखं. नवं होतं तेव्हा मोकळं होतं, ढकलगाड्या सुसाट जायच्या. मग एकामागून एक रॅक आले. पुढे पुढे गाडी जरा हलली की ठोकर!"

"आई! अगदी हेच!"

"फक्त तुमचं पोलाद आमच्या मुख्य डॉक्टरांपेक्षा शहाणं दिसतंय. गाड्यांची गर्दी होते तिथेच रॅक उभे करतंय."

खारू हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. मी मनात म्हटलं, मी हे याहून चांगलं कधी शिकवलं नाही. उघड म्हटलं नाही. एकाच घरात किती जणांकडून हरायचं!

१८ मार्च, मंगळवार

मग आपणच घाव घालून का नाही विकायचं? — हा प्रश्न माझा! नोंद असावी.

२० मार्च, गुरुवार

यांत्रिक हातोड्याने प्लेट ठोकून पाहिली. वरवर टणक, तेही कुठे आहे, कुठे नाही. ठिगळं लावल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, सगळ्या पृष्ठभागावर एकदम, जोरात आणि खोल पोचणारा घाव हवा. तोही प्लेटचा आकार न बिघडवणारा. असा घाव एकच.

"कोणता?" साहेब.

"स्फोट."

साहेबांचा चहा पाहण्यासारखा सांडला. ती शांतपणे सांगत होती. स्फोटकाची पातळ चादर प्लेटवर अंथरायची, उडवायची. धक्क्याची लाट पोलादात शिरते आणि आत जुळेच जुळे. जगात हे करतात, रेल्वेच्या सांध्यांसाठी.

"माझ्या कारखान्यात स्फोट होणार नाही!"

तिथल्या तिथे तिने खडीवाल्या बाईंना फोन लावून काय हवं ते सांगितलं. स्पीकरवर. बाईंचा आवाज खोलीभर — "स्फोटच ना? मग आमच्याकडे या! रोज दुपारी असतोच. परवाना आहे, सुरुंगवाला आहे. चादर मिळवून देईल तो."

२ एप्रिल, बुधवार

खाणीत गेलो. सुरुंगवाला हा इतका हळू बोलणारा गृहस्थ की वाकून ऐकावं लागतं. मी विचारलं, इतकी वर्षं या कामात कसे टिकलात? म्हणाला, "आवाजाला फार घाबरतो मी. म्हणून टिकलो." लाख बोललात!

वाळूच्या गादीवर प्लेट. वर चादर. आम्ही सगळे पार लांब, आडोशाला. भोंगा वाजला. मग — जमीन पायाखालून एकदा सरकून जागेवर आली.

धावत गेलो. प्लेट फुटली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार भेग.

आधी साहेबच बोलले. त्यांना राहवत नाही. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "पोरीचा हट्ट, दुसरं काय! तुम्ही तरी थांबवायचं होतंत."

मी म्हटलं, "साहेब, पोर घरी. इथे मॅडम आहेत. आणि मॅडमचं काय चुकलं ते अजून कोणाला माहीत नाही. आत्ता एवढंच माहीत आहे की प्लेट फुटली."

माझा आवाज इतका चढेल असं वाटलं नव्हतं. सुरुंगवाला दोन पावलं मागे सरकला.

खारू मात्र जमिनीकडे बघत उभी. घरी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ही म्हणाली, "टेबलावर पोलाद नको म्हटलं होतं मी. पण हे मुकं पोलाद त्याहून वाईट आहे." दाराबाहेर ताट ठेवून आली.

३ एप्रिल, गुरुवार

मॅडम कामावर आल्या. डोळे सुजलेले. साहेबांनी बैठकीत सुविचार ऐकवला — "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही! आपल्या पोलादाने हे शिकायला हवं."

मॅडम म्हणाल्या, "आतून धड नसलेलं पोलाद घाव घातला की फुटतं, साहेब. त्याचा देव होत नाही. घावाचं कौतुक नंतर. आधी ते धड का नव्हतं ते बघू."

शाब्बास, पोरी! (मनात.)

४ एप्रिल, शुक्रवार

भेगेचा तुकडा पाहिला. नुसत्या डोळ्यांनीच खटकलं — कण न कण सुटा दिसत होता, साखरेचा खडा फोडल्यासारखा. भेग कणांतून गेलीच नाही, कणांच्या सीमेसीमेने पळाली. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक कणाभोवती काळी बारीक किनार. कार्बाइड! म्हणजे प्लेट गार व्हायला वेळ लागला होता.

हे पोलाद भट्टीतून लालभडक निघालं की तडक पाण्यात बुडवावं लागतं. उशीर झाला किंवा पाणी नीट नसलं की कार्बन कणांच्या कडेला जाऊन बसतो आणि तिथे पोलाद काचेसारखं होतं. हा माझा प्रांत. यातलं मला कोणी सांगू नये!

थेट पाण्याच्या हौदावर गेलो. नुकत्याच बऱ्याच प्लेटा बुडवून झाल्या होत्या. बाही वर करून हात घातला. कोमट! आंघोळीला चालेल असं. खालचा पंप अर्धा गाळाने बुजलेला, ताजं पाणी येतच नव्हतं.

मॅडमना बोलवायला माणूस नाही पाठवला, स्वतः गेलो. मनगट धरून आणलं. "घाल हात." तिने घातला. क्षणभर कळलं नाही तिला. मग कळलं. आणि अशी हसली! हौदाच्या काठावर बसून, ओल्या हाताने तोंड झाकून, हसतेच आहे.

"बाबा, पाणी कोमट आहे!"

कारखान्यात 'बाबा' म्हणाली. भट्टीवरची सगळी माणसं बघत होती. मी म्हटलं, "होय मॅडम."

५ एप्रिल, शनिवार

पंप साफ. पाणी बर्फासारखं.

१२ एप्रिल, शनिवार

परत खाण. नवी प्लेट, थंड पाण्यातून निघालेली, आधी तपासून घेतलेली. साहेब आले नाहीत. आमची ही आली! म्हणे, "तुम्ही दोघं रोज ज्याच्यावरून तोंड पाडून बसता ते काय आहे ते बघू तरी." खडीवाल्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. दोघींचं असं जमलं की भोंगा वाजला तरी गप्पा चालू. सुरुंगवाल्याने येऊन हळूच सांगितलं, "बाईसाहेब, आता कान झाका."

धडाम!

धूळ बसायची वाट न बघता खारू पळाली. मी मागे. गुडघे कसे चालले देव जाणे. प्लेट होती तशीच! अखंड. वरचा रंग तेवढा मळलेला. खारू गुडघ्यांवर बसून तिच्यावरून हात फिरवत होती. मी हातातलं कठीणपणा मोजायचं यंत्र टेकवलं. आकडा बघितला. दुसऱ्या जागी टेकवलं. तिसऱ्या. मग यंत्र तिच्या हातात दिलं, मला धड दिसत नव्हतं. धूळ फार होती.

काळ्या कातळाने पुष्कळ काळ ठोसे मारून जे जमवलं होतं, त्याच्या जवळपास आम्ही एका धमाक्यात पोचलो. आणि आतलं पोलाद तसंच मऊ, चिवट! पोकलेनचा दात आला तर येऊ दे.

ही लांबून ओरडली, "रॅक लागले का?"

"लागले!"

खडीवाल्या बाईंना काही कळलं नाही, तरी टाळ्या वाजवल्या.

१४ एप्रिल, सोमवार

कापलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली. रेषांचं नुसतं रान. बघायला सगळ्यांनी रांग लावली. कोणी हसलं नाही.

६ मे, मंगळवार

बाईंचा फोन. मऊ दगड घासतोय, घासतोय, आणि प्लेटचे दात शाबूत! "आता तुमच्या प्लेटेपेक्षा माझा खडी वाहणारा पट्टा आधी झिजतो. पट्टेवाल्याला शिव्या घालायला जाते, ठेवते."

१९ मे, सोमवार

साहेबांनी सगळ्यांना बोलावून अभिनंदन केलं. हार, फोटो. फोटोत साहेब मधोमध. मग बसल्यावर म्हणाले, "छान झालं. पण एका गिऱ्हाइकाचे लाड एवढे पुरेत. आपण प्लेटा ओततो, फटाके उडवत नाही. हे इथेच थांबवू."

मी बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आणि फक्त म्हणाल्या, "बरं."

हे 'बरं' मी ओळखतो. आमच्या लग्नात घोड्यावर बसणार नाही असं मी म्हटलं होतं, तेव्हा ही असंच म्हणाली होती. मी घोड्यावर बसलो.

२६ मे, सोमवार

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत गेलो की मायलेकी हवापाण्यावर बोलायला लागतात. खडीवाल्या बाई चहाला येऊन गेल्या म्हणे, मी कामावर असताना! विचारलं तर ही म्हणते, "बायकांच्या गप्पा." बायकांच्या गप्पांत पंपाचा दाब कशाला लागतो?

३ जून, मंगळवार

खारूने राजीनामा दिला! खाणीला लागूनच खडीवाल्या बाई आणि ती मिळून स्वतःचा कारखाना उभा करणार — प्लेट ओतायची, गार पाण्यात बुडवायची, सुरुंगवाल्याकडून उडवून घ्यायची. पहिली नेमणूकही होऊन गेली : व्यवस्थापक, आमची ही. धातुतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, मग मी येतोच! दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला रीतसर अर्ज करायला सांगितलं आहे. मुलाखत उद्या. ही घेणार.